खापर कोणाच्या माथी? बॉस्टन रेड सॉक्सच्या चाहत्यांचा सव्वाशे वर्षांचा वाद

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू एका संघाशी करार करतो, पण तो करार संघ दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो. कधी एका नामवंताच्या बदल्यात दोन मध्यम प्रतीचे खेळाडू येतात, कधी रोख रक्कम, तर कधी अजून मोठ्या मैदानावर पाऊलही न टाकलेले तीन-चार तरुण. या अदलाबदलीला ‘ट्रेड’ म्हणतात. आयपीएलचा संघ मुख्यतः हंगामापूर्वीच्या लिलावात घडतो. बेसबॉलचा संघ ऐन हंगामातही मोडून पुन्हा जुळवता येतो. वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने होतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यामुळे कोणाला घ्यायला हवे होते, कोणाला काढायला हवे होते आणि मोक्याच्या क्षणी कोण कच खातो, यावर चाहत्यांना रोज नवा दाखला मिळतो. हिवाळ्यात खेळ बंद असला तरी वाद बंद होत नाही. पूर्वी गावातल्या दुकानांत शेगडीभोवती बसून हिवाळाभर चालणाऱ्या या चर्चेला ‘हॉट स्टोव्ह लीग’ हे नाव पडले, आणि शेगड्या गेल्या तरी ते टिकले आहे.

या वादाचा सलग इतिहास पाहायचा तर बॉस्टनकडे वळावे लागते. तिथल्या रेड सॉक्स संघाने पहिल्या अठरा वर्षांत पाच विजेतेपदे मिळवली आणि नंतरची ८६ वर्षे एकही नाही. इतका दीर्घ दुष्काळ पडला की कारण शोधले जातेच. हरल्याचे खापर कोणाच्या माथी फोडायचे, हा बॉस्टनच्या चाहत्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मात्र बदलत गेले. आधी मालक दोषी ठरला, मग मैदानावरचा एकेक खेळाडू, मग मॅनेजर आणि अखेर कार्यालयात बसून संघ घडवणारे लोक.

राखीव खेळाडू आणि ‘रॉयल रूटर्स’

सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ १८६९ मध्ये उभा राहिला आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. तीनच वर्षांनी संघमालकांनी आपसांत ठरवले, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांच्याशी बोलणीही करू नयेत. पुढे ही अट सगळ्याच खेळाडूंना लागू झाली. करार संपला तरी खेळाडू त्या संघाचाच राही. संघ त्याला ठेवू शके, विकू शके किंवा काढू शके, पण खेळाडू स्वतःहून जाऊ शकत नसे. १८८७ मध्ये शिकागोने आपला सर्वांत लोकप्रिय खेळाडू माइक ‘किंग’ केली १०,००० डॉलरना बॉस्टनच्या नॅशनल लीगमधील संघाला विकला. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. लाडका खेळाडू एका रात्रीत प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशात दिसू शकतो, हे चाहत्यांना अशा व्यवहारांतून कळत गेले.

१९०१ मध्ये अमेरिकन लीग सुरू झाली. तिच्यातल्या बॉस्टनच्या संघाला काही वर्षांनी रेड सॉक्स हे नाव मिळाले. त्याच्या चाहत्यांचा पहिला संघटित गट म्हणजे ‘रॉयल रूटर्स’. त्यांचा म्होरक्या मायकेल मॅकग्रीव्ही याचा ‘थर्ड बेस’ नावाचा बार होता. बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसनंतर धावपटू ‘होम’ला पोहोचतो, तसा घरी जाण्याआधीचा हा शेवटचा थांबा. भिंतीभर खेळाडूंची छायाचित्रे, टेबलांवर बिअर आणि चोवीस तास वाद. वाद हातघाईवर आला की मॅकग्रीव्ही मूठ आपटून ‘बस, झालं एवढं’ अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारी आणि विषय संपे. ते शब्दच त्याचे टोपणनाव झाले. त्याने जमवलेली छायाचित्रे आज बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

१९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, या मंडळींनी खेळाडूवर दडपण आणण्याची रीतच घालून दिली. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा त्या काळचा अग्रगण्य फलंदाज. तो खेळायला आला की रूटर्स ‘टेसी’ हे नाटकातले गाणे त्याची टर उडवणारे शब्द घालून एका सुरात गात. पिट्सबर्ग ३-१ असे पुढे होते. बॉस्टनने पुढचे चार सामने ओळीने जिंकले आणि वॅग्नरची त्या मालिकेतील सरासरी .२२२ (दर हजार संधींत २२२ यशस्वी फटके) इतकी खाली राहिली. गाण्याने सिरीज जिंकली असे म्हणता येणार नाही, पण रूटर्स आयुष्यभर तसेच मानत राहिले.

१९१२ मध्ये फेनवे पार्क हे आजही वापरात असलेले मैदान खुले झाले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या ऐन रंगात संघाने रूटर्सच्या नेहमीच्या जागा दुसऱ्यांना विकून टाकल्या. संतापलेले रूटर्स मैदानात उतरले, घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मागे रेटले आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्याला मैदान निम्मेच भरले. तो सामना बॉस्टनने जिंकला, कारण दहाव्या इनिंगमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून एक सोपा झेल सुटला. पुढच्याच फलंदाजाचा अवघड झेल त्याने घेतला होता, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. ६२ वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच्या निधनाच्या बातमीच्या मथळ्यातही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या सुटलेल्या झेलाचाच उल्लेख केला.

बेब रूथची विक्री

१९१६ मध्ये बॉस्टनने पगारावरून झालेल्या वादात ट्रिस स्पीकर हा आपला सर्वोत्तम फलंदाज क्लीव्हलँडला देऊन टाकला. चाहते खवळले, पण त्याच वर्षी संघ पुन्हा विजेता झाला आणि ओरड विरली. १९१८ मध्ये आणखी एक विजेतेपद आले. तोवर संघ नाट्यनिर्माता हॅरी फ्रेझी याच्या मालकीचा झाला होता.

बेब रूथ तेव्हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून नावाजलेला होता आणि हळूहळू फलंदाजीकडे वळत होता. १९१९ मध्ये त्याने २९ होम रन मारून विक्रम केला आणि १०,००० डॉलरचा पगार दुप्पट मागितला. फ्रेझीने डिसेंबर १९१९ मध्ये त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकले. ५ जानेवारी १९२० रोजी ही बातमी जाहीर झाली. मोबदला १,००,००० डॉलर, शिवाय यांकीजच्या मालकाकडून फेनवे पार्क तारण ठेवून मोठे कर्ज. रूथ असूनही संघ १९१९ मध्ये तक्त्याच्या खालच्या निम्म्यात राहिला आणि त्याच्या बेशिस्तीने इतरांचे मनोबल खचते, असा फ्रेझीचा युक्तिवाद होता. त्या आठवड्यात बॉस्टनमध्ये मतभेद होते. अनेकांनी शिव्या घातल्या, पण एका हट्टी खेळाडूपेक्षा एकजुटीचा संघ बरा, असे म्हणणारेही कमी नव्हते. १९२० मध्ये रूथने ५४ होम रन मारले आणि ही दुसरी बाजू गप्प झाली.

फ्रेझी एवढ्यावर थांबला नाही. कार्ल मेज आधीच न्यूयॉर्कला गेला होता. पाठोपाठ वेट हॉइट, जो बुश, सॅम जोन्स, एव्हरेट स्कॉट, जो ड्यूगन आणि हर्ब पेनॉक गेले. १९२३ मध्ये यांकीजने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघात बॉस्टनहून आलेल्यांचाच भरणा होता. उलट रेड सॉक्स १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांत नऊ वेळा शेवटच्या स्थानावर राहिले. ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकासाठी फ्रेझीने रूथला विकले, अशी दंतकथा बॉस्टनमध्ये रुजली. ते नाटक ब्रॉडवेवर आले १९२५ मध्ये, म्हणजे रूथ गेल्यावर पाच वर्षांनी आणि फ्रेझीने संघ विकल्यावर दोन वर्षांनी. दोष मालकाचा यावर एकमत झाल्यावर तपशिलाची फारशी गरज उरली नव्हती.

या व्यवहारांपैकी एकाने नियमच बदलला. जुलै १९२२ मध्ये ड्यूगन यांकीजला मिळाला तेव्हा सेंट लुइस ब्राउन्स त्यांच्याशी बरोबरीने झुंजत होते. हंगामअखेर ब्राउन्स अवघ्या एका सामन्याने मागे पडले. श्रीमंत संघ ऐन शर्यतीत विजय विकत घेतो, अशी सेंट लुइसच्या चाहत्यांनी आणि वृत्तपत्रांनी ओरड केली. पुढच्या वर्षापासून अशा अदलाबदलीला १५ जूनची मुदत घालण्यात आली. १९८६ पासून ती ३१ जुलैपर्यंत वाढली, आणि जुलैचा शेवटचा आठवडा हा चाहत्यांच्या वादाचा वार्षिक हंगामच झाला.

टेड विल्यम्स आणि वृत्तपत्रे

१९३३ मध्ये टॉम यॉकी या धनाढ्य तरुणाने संघ घेतला. त्याने लेफ्टी ग्रोव्ह, जिमी फॉक्स, जो क्रोनिन असे मोठे खेळाडू विकत आणले. विकणारा मालक जाऊन विकत घेणारा आला, तरी विजेतेपद येईना. मालकाला दोष देता येईना, तेव्हा नजर खेळाडूंकडे वळली.

१९३९ मध्ये आलेला टेड विल्यम्स हा खेळाच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक. १९४१ मध्ये त्याची सरासरी .४०६ होती; त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणालाही पूर्ण हंगामात .४०० गाठता आलेले नाही. पण बॉस्टनमध्ये तेव्हा अनेक दैनिके होती, त्यांचे क्रीडालेखक एकमेकांवर कुरघोडी करत आणि विल्यम्स तापट होता. तो स्वतःच्या सरासरीसाठी खेळतो, महत्त्वाच्या सामन्यात ढेपाळतो, हा आरोप वर्षानुवर्षे छापला गेला. १९४६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी .२०० राहिली, तेव्हा टीकाकारांच्या हाती कोलीतच मिळाले. तरुणपणी झालेल्या हुर्योनंतर त्याने टोपी उंचावून प्रेक्षकांचे आभार मानणे सोडून दिले. १९५६ मध्ये प्रेक्षकांच्या दिशेने थुंकल्याबद्दल त्याला ५,००० डॉलर दंड झाला. २८ सप्टेंबर १९६० रोजी कारकिर्दीतल्या शेवटच्या फलंदाजीत त्याने होम रन मारला, आणि टाळ्यांचा कडकडाट थांबत नसतानाही टोपीला हात लावला नाही. प्रेक्षकांत बसलेला लेखक जॉन अपडाइक याने त्या दिवसावर ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलेला लेख बेसबॉलवरील अभिजात लेखनात गणला जातो. १९९१ मध्ये फेनवेवरच्या सत्कारात विल्यम्सने अखेर टोपी उंचावली.

१९४६ ची ती सिरीज बॉस्टन सातव्या सामन्यात हरले. सेंट लुइसचा एनॉस स्लॉटर पहिल्या बेसपासून थेट होमपर्यंत धावला, त्या वेळी शॉर्टस्टॉप जॉनी पेस्कीने हातातला चेंडू क्षणभर रोखून धरला, असा ठपका ठेवला गेला. तो खरोखर थबकला का, यावर चित्रफीत पाहूनही एकमत होत नाही. पेस्कीने दोष कधी झटकला नाही. तो पुढे प्रशिक्षक, मॅनेजर, समालोचक अशा नात्यांनी अनेक दशके संघाबरोबर राहिला, आणि उजवीकडचा सीमाखांब आज त्याच्या नावाने ओळखला जातो. बॉस्टनचे चाहते क्षमा करतात, पण उशिरा, हे विल्यम्स आणि पेस्की दोघांच्या बाबतीत दिसले.

न घेतलेले खेळाडू

खेळाडूंच्या चुका मोजण्याच्या या काळात संघाच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे बहुतेक गोऱ्या चाहत्यांचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष गेले नाही. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची फेनवेवर चाचणी झाली. नगरसेवक इसाडोर मुचनिक यांनी संघावर दबाव आणला होता आणि ‘पिट्सबर्ग कुरिअर’चे पत्रकार वेंडेल स्मिथ यांनी खेळाडूंना आणले होते. चाचणीनंतर संघाने कोणालाही बोलावले नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला आणि मुख्य लीगमधली वर्णबंदी संपली.

रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो २१ जुलै १९५९ रोजी, सर्व संघांत शेवटी. त्या वर्षी सरावात चांगला खेळूनही त्याला खालच्या लीगमध्ये धाडले गेले, तेव्हा निदर्शने झाली आणि राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाने चौकशी केली. संघात कोण नाही, हा प्रश्नही चाहत्यांचा असू शकतो, हे या निदर्शकांनी दाखवून दिले. विजेतेपद का येत नाही याचे उत्तर शापात शोधण्याआधी रॉबिन्सन आणि ग्रीन यांच्यामधल्या या बारा वर्षांत शोधावे, असे अनेक इतिहासकार म्हणतात. मैदानालगतच्या रस्त्याला दिलेले यॉकीचे नाव २०१८ मध्ये याच कारणाने काढून टाकले गेले.

करारमुक्त खेळाडू

राखीव खेळाडूंची पद्धत १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भक्कम झाली होती. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. सेंट लुइसच्या कर्ट फ्लडने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला जायला नकार देऊन या पद्धतीला आव्हान दिले. १९७२ मध्ये तो खटला हरला; तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पण २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. पुढच्या वाटाघाटीत सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्तता, हा नियम ठरला. दहा वर्षे मुख्य लीगमध्ये आणि त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्याला अदलाबदल नाकारण्याचा हक्क त्याआधीच मिळालेला होता.

बॉस्टनला या नव्या युगाचे चटके लगेच बसले. १५ जून १९७६ रोजी ओकलंडचा मालक चार्ली फिन्ली याने जो रुडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरना रेड सॉक्सला विकले. दोघे बॉस्टनच्या गणवेशात बाकावर बसले, पण खेळण्याआधीच आयुक्त बोवी क्यून यांनी व्यवहार रद्द केला. डिसेंबर १९८० मध्ये संघाने कार्लटन फिस्कच्या कराराची कागदपत्रे मुदतीनंतर टपालाने पाठवली. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारून अजरामर झालेला हा कॅचर एका टपालातल्या दिरंगाईमुळे मोकळा झाला आणि शिकागोला गेला. १९८१ च्या पहिल्याच दिवशी त्याने फेनवेवर बॉस्टनविरुद्ध होम रन ठोकला. आता चाहत्यांना खेळाबरोबर कराराच्या तारखाही पाठ कराव्या लागत होत्या.

बिल बकनर

१९८६ मध्ये रेड सॉक्स न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध ३-२ असे पुढे होते. २५ ऑक्टोबरच्या सहाव्या सामन्यात दहाव्या इनिंगला बॉस्टनकडे ५-३ आघाडी होती, मेट्सचे दोघे बाद झाले होते आणि बेसवर कोणी नव्हते. आणखी एक बाद झाला की ६८ वर्षांचा दुष्काळ संपणार होता. पिचर कॅल्विन स्किराल्डीला ओळीने तीन जणांनी फटके मारले. त्याच्या जागी आलेल्या बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला आणि ५-५ अशी बरोबरी झाली. मग मूकी विल्सनने मारलेला संथ, सरपटता चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला आणि मेट्स ६-५ जिंकले. सातव्या सामन्यातही बॉस्टनने सुरुवातीची ३-० आघाडी घालवली आणि तो ८-५ असा हरला.

वाद घालणाऱ्याला या पराभवात दोषी निवडायला भरपूर वाव होता. बकनरचे घोटे दुखावलेले होते. त्या स्पर्धेत आघाडी असताना अखेरच्या इनिंगांत त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटन उतरवला जाई. त्या रात्री मॅनेजर जॉन मॅकनमारा यांनी तसे केले नाही. स्किराल्डी आला होता तो बॉब ओहेडा याला मेट्सला देऊन, आणि सहाव्या सामन्यात मेट्सकडून सुरुवात ओहेडानेच केली. खुद्द बकनर १९८४ मध्ये आला तो डेनिस एकर्सलीच्या बदल्यात. आणि चेंडू सुटला तेव्हा आघाडी आधीच गेलेली होती. तरीही खापर फुटले ते बकनरच्याच माथी, कारण सामना संपवणारे दृश्य त्याचे होते आणि दूरचित्रवाणी ते पुनःपुन्हा दाखवू शकत होती. २२ हंगामांत २,७१५ फटके आणि १९८० मध्ये नॅशनल लीगचे फलंदाजीचे अजिंक्यपद मिळवलेला हा खेळाडू एका चेंडूपुरता उरला. १९८७ च्या हंगामात संघाने त्याला मुक्त केले. त्याला धमक्या आल्या. पुढे तो आयडाहो राज्यात राहायला गेला.

१९९० मध्ये क्रीडालेखक डॅन शॉनेसी यांचे ‘बॅम्बिनोचा शाप’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक आले; बॅम्बिनो हे रूथचे टोपणनाव. रूथची विक्री, पेस्की, १९७८ मध्ये यांकीजच्या बकी डेंटचा होम रन, बकनर या सगळ्या घटना एका शापाच्या धाग्यात ओवल्या गेल्या. शापाची सोय अशी, की त्यात दोष सर्वांचा असतो आणि कोणाचाच नसतो.

आकडे आणि रेडिओ

याच सुमारास वादाची साधने बदलत होती. १९७१ मध्ये बेसबॉल संशोधकांची संस्था कूपर्सटाउन येथे स्थापन झाली. १९७७ मध्ये कॅन्ससमधील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असलेल्या बिल जेम्सने आकडेवारीच्या विश्लेषणाची पहिली पुस्तिका स्वतःच छापली. सरासरीपेक्षा फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो हे अधिक महत्त्वाचे. ‘मोक्याच्या क्षणी खेळणारा’ हा गुण आकड्यांत फारसा सापडत नाही, असे त्याचे म्हणणे. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहाच्या नावाने ‘रोटिसरी लीग’ हा खेळ काढला. त्यात चाहता स्वतःच खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधू लागला. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला दिवसरात्र केवळ खेळांवर बोलणारे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि काही वर्षांतच बॉस्टनलाही तसे केंद्र आले. मॅकग्रीव्हीच्या बारमधला वाद आता घरोघरी, गाडीगाडीत ऐकू येऊ लागला. त्यात आकडेही होते आणि शिव्याही.

कार्यालयाच्या निर्णयांचा हिशेब ठेवणे त्यामुळे सोपे झाले. ३० ऑगस्ट १९९० रोजी बॉस्टनने लॅरी अँडरसन हा अनुभवी पिचर मिळवण्यासाठी जेफ बॅगवेल नावाचा तरुण ह्यूस्टनला दिला. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि हंगामानंतर तो निघून गेला. बॅगवेलने ४४९ होम रन मारले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. हा व्यवहार आजही घाईच्या सौद्याचे उदाहरण म्हणून दिला जातो, मात्र अँडरसनच्या मदतीने बॉस्टनने त्या वर्षी आपला विभाग जिंकला होता, हेही वादात सांगितले जाते.

२००३ आणि २००४

२००२ मध्ये जॉन हेन्री यांच्या गटाने संघ घेतला. त्यांनी बिल जेम्सला सल्लागार नेमले आणि शेजारच्या ब्रुकलाइनमध्ये वाढलेल्या २८ वर्षांच्या थिओ एपस्टाइनला जनरल मॅनेजर केले. खेळाडू निवडण्याचा अधिकार आता आकडे वाचणाऱ्यांकडे आला होता. मिनेसोटाने सोडून दिलेला डेव्हिड ऑर्टिझ जानेवारी २००३ मध्ये आला, तेव्हा त्याची बातमी फारशी गाजली नाही.

१६ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकन लीगच्या विजेतेपदासाठी यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठव्या इनिंगला बॉस्टन ५-२ पुढे होते. पिचर पेद्रो मार्टिनेझ थकला की त्याची धार जाते, हे आकडे सांगत होते आणि घरी बसलेला प्रत्येक चाहताही. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात जाऊन त्याच्याशी बोलून परतले आणि त्याला तसेच ठेवले. बरोबरी झाली, आणि अकराव्या इनिंगमध्ये आरन बूनच्या होम रनने बॉस्टन बाहेर पडले. या वेळी खेळाडूवर फारसा कोणी रागावला नाही. दोष लिटल यांचा ठरला आणि त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

त्या हिवाळ्यात संघाने अलेक्स रॉड्रिगेझला आणण्याची खटपट केली. खेळाडू संघटनेने पगारकपातीला नकार दिल्याने ती फसली आणि तो यांकीजकडे गेला. त्या योजनेत आपल्यालाही दुसरीकडे धाडले जाणार होते, हे कळल्याने शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा दुखावला. दोनदा अमेरिकन लीगचे फलंदाजीचे अजिंक्यपद मिळवलेला नोमार शहरातला सर्वांत लाडका खेळाडू होता. ३१ जुलै २००४ रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एपस्टाइनने चार संघांच्या व्यवहारात त्याला शिकागो कब्जला दिले आणि ऑर्लँडो कॅब्रेरा व डग मिंटकेविच यांना घेतले. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्स हा चपळ राखीव खेळाडू लॉस एंजेलिसहून आला. शहर हादरले. नोमार दुखापतग्रस्त आहे आणि संघाचे क्षेत्ररक्षण कच्चे आहे, हे एपस्टाइनचे कारण अनेकांना पटले नाही.

ऑक्टोबरमध्ये बॉस्टन यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडले. चौथ्या सामन्यात, नवव्या इनिंगला, मारियानो रिव्हेरासमोर केविन मिलरला बेस मिळाला आणि त्याच्या जागी धावायला रॉबर्ट्स आला. तो धावणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असताना त्याने दुसरा बेस चोरला, बिल म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी केली आणि बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझने होम रन मारून सामना जिंकला. ०-३ वरून मालिका जिंकणारा मुख्य लीगमधला तो पहिला संघ ठरला. २७ ऑक्टोबरला सेंट लुइसवर ४-० असा विजय मिळाला. शेवटचा चेंडू मिंटकेविचच्या हातात विसावला. तो चेंडू संघाचा की खेळाडूचा, यावरही वाद झालाच, आणि अखेर तो हॉल ऑफ फेमकडे गेला.

विजयाने जुनी खाती मिटली. ८ एप्रिल २००८ रोजी घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याचा औपचारिक चेंडू टाकायला बकनर फेनवेवर आला. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या थांबेनात आणि त्याने डोळे पुसले. २०१९ मध्ये त्याचे निधन झाले.

मूकी बेट्सनंतर

२००७, २०१३ आणि २०१८ मध्ये आणखी विजेतेपदे आली. शापाची भाषा संपली आणि वाद हिशेबाच्या भाषेत होऊ लागला. ठरावीक मर्यादेपेक्षा पगारांवर जास्त खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो. त्या कराची पातळी, कराराची उरलेली वर्षे आणि तरुण खेळाडूंची प्रतवारी ही माहिती आता सामान्य चाहत्याच्या बोलण्यात सहज येते.

फेब्रुवारी २०२० मध्ये संघाने मूकी बेट्सला डेव्हिड प्राइससह लॉस एंजेलिस डॉजर्सला दिले. बेट्स २०१८ चा अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम खेळाडू होता आणि त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. बदल्यात अलेक्स व्हर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग आले. डॉजर्सने बेट्सशी १२ वर्षांचा ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच वर्षी ते विजेते झाले. बॉस्टन आपल्या विभागात शेवटचे राहिले. व्यवहार करणारे चेम ब्लूम यांना २०२३ मध्ये काढण्यात आले. तरी बहुतेक चाहत्यांनी अखेरचा दोष त्यांना दिला नाही. खर्च आवरण्याचा निर्णय वरून आला होता, असे मानून राग हेन्री यांच्यावर निघाला, आणि रूथच्या विक्रीची उजळणी पुन्हा सुरू झाली.

१५ जून २०२५ रोजी राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला देण्यात आले तेव्हा हा वाद आणखी गुंतागुंतीचा होता. डेव्हर्सने ३१.३५ कोटी डॉलरचा दीर्घ करार केलेला होता. अलेक्स ब्रेगमनला आणल्यावर त्याची तिसऱ्या बेसवरची जागा गेली. पुढे पहिल्या बेसवर उतरण्याची सूचना त्याने मानली नाही. त्यामुळे काहींनी खेळाडूचा हट्ट पाहिला, काहींनी त्याच्याशी नीट न बोलणारे कार्यालय आणि काहींनी पैसा वाचवणारा मालक. पुढे संघ बादफेरीत पोहोचला आणि पहिल्याच टप्प्यात यांकीजकडून हरला, तेव्हा प्रत्येक बाजूने तोच निकाल आपल्या पुराव्यादाखल मांडला.

शतकभरात चाहत्याची माहिती वाढली, खेळाडूला करारावर हक्क मिळाला आणि एका चुकलेल्या चेंडूवरून माणसाचे आयुष्य ठरवणे कमी झाले. संघ घडवण्याचा अधिकार मात्र मालकाकडे आणि त्याने नेमलेल्यांकडेच राहिला आहे. चाहत्याच्या हाती आहे ते तिकीट घेणे किंवा न घेणे, टाळी किंवा हुर्यो आणि हिवाळाभर चालणारी चर्चा. आणि १९२२ मध्ये सेंट लुइसने दाखवले, तसे क्वचित या चर्चेतून नियमही बदलतो.